वेगळे व्हावे की एकत्र राहावे? म्हैसूरमधून दिसणारे स्कॉटलंड

१८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमध्ये सार्वमत झाले. प्रश्न एकच होता : स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा काय? उत्तर हो किंवा नाही, एवढेच द्यायचे होते. या सार्वमतातील एक बाब आपल्याकडे फारशी चर्चिली गेली नाही. उत्तर देण्याचा अधिकार कोणाला होता? स्कॉटलंडमध्ये रहिवासी म्हणून ज्यांची नावे मतदार यादीत होती त्यांना. त्यामुळे एडिंबरा किंवा ग्लासगो येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या, भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या मराठी माणसालाही हे मत देता येत होते, कारण भारत राष्ट्रकुलाचा सदस्य आहे. याउलट स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा हिरिरीने पुरस्कार करणारे जगप्रसिद्ध अभिनेते शॉन कॉनरी यांना मत नव्हते, कारण ते बहामा बेटांवर राहत होते. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कॉट लोकांनाही ते नव्हते.

महाराष्ट्राबाहेर किंवा देशाबाहेर राहणाऱ्या वाचकांना ही बाब जवळची वाटेल. एखाद्या भूमीचे भवितव्य ठरवण्याचा हक्क तिथे जन्मलेल्याचा, तिथली भाषा बोलणाऱ्याचा, की आज तिथे राहून कर भरणाऱ्याचा? स्कॉटलंडने तिसरे उत्तर निवडले. त्यावर तिथे वाद झाला, पण नियम आधी ठरला आणि नंतर मतदान झाले.

स्कॉट लोकांनी स्वतंत्र व्हावे की नाही याबद्दल दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले गेले. स्वातंत्र्यवाद्यांचे म्हणणे असे की स्कॉटलंड ज्या पक्षाला नाकारतो त्याच पक्षाचे सरकार लंडनहून त्याच्यावर राज्य करते. २०१० च्या निवडणुकीत स्कॉटलंडच्या ५९ जागांपैकी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला एकच मिळाली होती, तरी पंतप्रधान त्याच पक्षाचे झाले. उत्तर समुद्रातील तेल आमचे, अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा तळ मात्र आमच्या किनाऱ्यावर, हीसुद्धा तक्रार होती. विरोधकांचे म्हणणे असे की पौंड राहील का, निवृत्तिवेतन कोण देईल, युरोपीय संघाचे सदस्यत्व टिकेल का, याची उत्तरे कोणाजवळ नाहीत. ८४.६ टक्के मतदान झाले. ५५.३ टक्के लोकांनी 'नाही' म्हटले, ४४.७ टक्के लोकांनी 'हो'.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. स्वातंत्र्यवाद्यांच्या श्वेतपत्रिकेतील आर्थिक गणित तेलाचा भाव पिंपामागे ११० डॉलरच्या आसपास राहील असे धरून मांडलेले होते. जानेवारी २०१६ मध्ये तो ३० डॉलरच्या खाली घसरला. दुसरीकडे, 'युरोपात राहायचे असेल तर ब्रिटनमध्ये राहा' असे सांगणाऱ्यांचा मुद्दा जून २०१६ मध्ये उलटला. स्कॉटलंडमधील ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने मत दिले, तरी ब्रिटनबरोबर त्यांनाही बाहेर पडावे लागले. म्हणजे दोन्ही बाजूंनी ज्या गोष्टी खात्रीच्या म्हणून सांगितल्या, त्यांपैकी महत्त्वाच्या दोन गोष्टी दोन वर्षांत खोट्या ठरल्या. प्रशासनात काम केलेल्या माणसाने यातून काय घ्यावे? भविष्याबद्दलची आकडेमोड हा अशा निर्णयांचा सर्वांत कच्चा आधार असतो. निर्णय कसा घेतला, संशयी पक्षाला कोणते वचन दिले आणि ते पाळले की नाही, या तीन गोष्टी अधिक टिकाऊ असतात. हेच मला म्हैसूरच्या उदाहरणावरून सांगायचे आहे.

म्हैसूर आणि स्कॉट यांचा संबंध जुना आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या तटावर जी चढाई झाली तिचे नेतृत्व डेव्हिड बेअर्ड या स्कॉट अधिकाऱ्याकडे होते. याच किल्ल्यात तो पूर्वी तीन वर्षांहून अधिक काळ बंदिवान होता. टिपू सुलतान पडल्यावर त्याच्या राज्याची वाटणी करण्यासाठी जे कमिशन बसले, त्याचे दोन चिटणीस म्हणजे टॉमस मन्रो आणि जॉन माल्कम. दोघेही स्कॉट. मन्रो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि रयतवारी पद्धतीमुळे आजही महसूल खात्याच्या अभ्यासक्रमात भेटतो. माल्कम पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. मुंबईच्या गादीवर त्याच्या आधी होता तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनही स्कॉटच. १७०७ मध्ये ज्यांच्या देशाने स्वतःची संसद विसर्जित करून इंग्लंडशी एकत्र येण्याचा करार केला, त्यांचे पणतू सव्वाशे वर्षांच्या आत म्हैसूरच्या आणि पेशव्यांच्या मुलखाचे नकाशे आखत होते. कोणता तालुका निजामाला द्यायचा, कोणता कंपनीकडे ठेवायचा आणि कोणता पाच वर्षांच्या कृष्णराज वडियारांच्या नावे करायचा, हे ठरवताना तिथल्या रयतेला कोणी विचारले नाही. त्या काळी विचारण्याची रीतही नव्हती.

विचारण्याची वेळ आली ती दीडशे वर्षांनंतर. आणि त्या वेळी म्हैसूरपुढचा प्रश्न स्कॉटलंडच्या नेमका उलट होता. स्कॉटलंडला विचारले गेले की तुम्ही वेगळे होता का. म्हैसूरपुढे प्रश्न होता की तुम्ही तुमच्याच भाषेच्या इतर लोकांशी एक होता का.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतात घटक राज्याला संघराज्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही. संविधानाचे पहिले कलमच भारताला राज्यांचा संघ म्हणते, आणि १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाच्या सार्वभौमत्वाची व अखंडतेची शपथ उमेदवारांना बंधनकारक केली. त्यामुळे स्कॉटलंडची तुलना आपल्याकडे करायची ती देशापासून फुटण्याशी नव्हे, तर राज्ये जोडण्या-तोडण्याशी. पण मनात जे चालते ते दोन्हीकडे सारखेच असते.

१९५३ सालचे म्हैसूर हे चांगले चाललेले राज्य होते. १९५१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९० लाखांच्या वर होती. शिवनसमुद्रची वीज १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळत होती. कृष्णराजसागर धरण होते, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना होता, १९१३ साली स्थापन झालेली स्वतःची बँक होती आणि १९१६ पासून स्वतःचे विद्यापीठ होते. १८८१ सालीच तिथे प्रजाप्रतिनिधी सभा भरू लागली होती. या राज्याला सांगण्यात येत होते की मुंबई राज्यातील बेळगाव, विजापूर, धारवाड व उत्तर कानडा, हैदराबादमधील गुलबर्गा, रायचूर व बिदर, मद्रासमधील दक्षिण कानडा आणि छोटे कूर्ग यांना आपल्यात सामावून घ्या.

त्या भागांतील कन्नड लोकांची बाजू मराठी वाचकाने मोकळ्या मनाने समजून घ्यावी अशी आहे. मुंबई इलाख्यातील धारवाडकडच्या लोकांची जुनी तक्रार आपल्या, म्हणजे मराठीच्या, वर्चस्वाविरुद्ध होती. कचेरीत मराठी, शाळेत मराठी, आणि कन्नड मुलाला त्याच्याच गावात त्याची भाषा दुय्यम. १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला तो या पार्श्वभूमीवर. एकीकरणाचे प्रणेते आलूर वेंकटराव पुण्यात शिकले होते, टिळकांचे अनुयायी होते, गीतारहस्याचे कन्नड भाषांतरही त्यांनी केले. पुण्याशी त्यांचे वैर नव्हते. तरीही आपल्या भाषेच्या लोकांचे एक राज्य असावे असे त्यांना वाटले. जे आपण संयुक्त महाराष्ट्रासाठी म्हटले तेच ते कर्नाटकासाठी म्हणत होते. १९५३ साली अदरगुंचीचे शंकरगौडा पाटील यांनी एकीकरणासाठी उपोषण केले आणि हुबळी-धारवाडचे वातावरण पेटले.

म्हैसूरमध्ये मात्र मते दुभंगलेली होती. कवी कुवेंपु एकीकरणाच्या बाजूने ठाम उभे राहिले. समाजवादी नेते शांतवेरी गोपाळ गौडा यांनीही ते उचलून धरले. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांनी अखेर एकीकरणाच्या पारड्यात आपले वजन टाकले. पण त्यांच्या स्वतःच्या पक्षातील अनेकांना दोन कन्नड राज्ये हवी होती. त्यांचे आक्षेप साधारण तीन प्रकारचे होते. पहिला पैशाचा : आपल्या धरणांचा व कारखान्यांचा पैसा मागासलेल्या जिल्ह्यांवर खर्च होईल. दुसरा प्रशासनाचा : आपली सुरळीत चाललेली व्यवस्था चार वेगळ्या पद्धतींच्या कचेऱ्यांत हरवेल. तिसरा उघडपणे कमी बोलला जाणारा, जातीच्या संख्याबळाचा : म्हैसूरमध्ये वक्कलिग समाजाचे वजन होते, उत्तरेचे जिल्हे आले की लिंगायत समाजाचे वजन वाढेल. हा हिशेब केवळ चावडीवरचा नव्हता. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने आपल्या अहवालात त्याची दखल घेतली आहे.

या आक्षेपांची टिंगल करणे सोपे आहे. भावांना घरात घ्यायला नको, असे म्हणणारा नेहमीच कोता दिसतो. पण लंडनच्या श्रीमंतीत स्कॉटलंडचा वाटा किती आणि स्कॉटलंडच्या खर्चात लंडनचा किती, हा २०१४ सालचा वाद याच जातीचा होता. जो माणूस हिशेब विचारतो त्याला प्रेम नाही असे ठरवणे हा प्रशासनाचा आळस आहे.

निर्णय कसा झाला? सार्वमत झाले नाही. आयोगाकडे दीड लाखांहून अधिक निवेदने आली, त्यांपैकी विचारपूर्वक लिहिलेली सुमारे २,००० आहेत असे आयोगानेच नमूद केले. आयोगाने १०४ ठिकाणी जाऊन ९,००० हून अधिक लोकांच्या भेटी घेतल्या. ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल सादर झाला आणि त्यात म्हैसूरसह एकच कर्नाटक राज्य सुचवले गेले. संविधानाच्या तिसऱ्या कलमानुसार राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. शिवाय डिसेंबर १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने हे मत ठराविक मुदतीत द्यावे अशी सोय केली. म्हैसूरच्या विधिमंडळात जोरदार चर्चा झाली. कायदा संसदेने केला. ऑगस्ट १९५६ मध्ये हनुमंतय्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जाण्यामागे पक्षांतर्गत कारणे अनेक होती, पण एकीकरणाचा पुरस्कार हे त्यांतले एक, असे बरेच अभ्यासक मानतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे राज्य अस्तित्वात आले तेव्हा मुख्यमंत्री झाले निजलिंगप्पा. राजप्रमुख जयचामराजेंद्र वडियार नव्या राज्याचे पहिले राज्यपाल झाले.

संशयी पक्षाला काय दिले गेले? नाव. नव्या राज्याचे नाव कर्नाटक न ठेवता म्हैसूरच ठेवले. धारवाडच्या लोकांना ते पुढची सतरा वर्षे खुपत राहिले. १ नोव्हेंबर १९७३ रोजी राज्य 'कर्नाटक' झाले तेव्हा मुख्यमंत्री होते देवराज अर्स, म्हणजे म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूरचे. ज्या भागासाठी ते नाव राखले होते त्याच भागातील माणसाच्या कारकिर्दीत ते बदलले, आणि फारशी खळखळ झाली नाही. तोपर्यंत भीती ओसरली होती.

ती का ओसरली याचे श्रेय मी भाषणांपेक्षा कचेऱ्यांतील कामाला देईन. १९५६ च्या त्या दिवशी एकाच राज्यात तालुक्याच्या अधिकाऱ्याला कुठे अमलदार, कुठे मामलेदार, तर कुठे तहसीलदार म्हणत होते. जमीन महसुलाचे मुंबईचे, म्हैसूरचे, हैदराबादचे, मद्रासचे व कूर्गचे असे पाच वेगवेगळे कायदे चालू होते. १९६४ साली एक महसूल कायदा लागू झाला, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ लागला. त्याहून अवघड होते नोकरवर्गाचे एकत्रीकरण. पाच ठिकाणांहून आलेल्या कर्मचाऱ्यांची एक ज्येष्ठता यादी करायची. धारवाडचा अव्वल कारकून आणि म्हैसूरचा कारकून यांत वरचा कोण, हे ठरवायचे. पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने सेवाशर्तींना संरक्षण दिले होते, तरी या याद्यांवरील दावे न्यायालयांत वर्षानुवर्षे चालले. नकाशा एका रात्रीत बदलतो, ज्येष्ठता यादीला एक पिढी लागते. स्कॉटलंड उद्या स्वतंत्र झालाच, तर लंडनच्या खात्यांत काम करणाऱ्या स्कॉट कर्मचाऱ्यांबद्दल, निवृत्तिवेतनाबद्दल व कर्जाच्या वाटणीबद्दल असेच कंटाळवाणे आणि अत्यावश्यक काम कोणाला तरी करावे लागेल.

आता विरोधाभास पाहा. १९५६ साली भीती म्हैसूरला होती, पण पुढे तक्रार आली ती उत्तरेकडून. ज्यांनी एकीकरणासाठी उपोषणे केली, त्यांच्याच मुलांना वाटू लागले की राजधानी, कारखाने, महाविद्यालये आणि नोकऱ्या सर्व दक्षिणेला. अर्थतज्ज्ञ डी. एम. नंजुंडप्पा यांच्या समितीने २००२ साली अहवाल दिला. राज्याच्या १७५ तालुक्यांपैकी ११४ मागास ठरले, आणि त्यांतील सर्वाधिक मागास अशा ३९ पैकी २६ उत्तर कर्नाटकातले निघाले. बेळगावला २०१२ साली सुवर्ण विधानसौध बांधून झाले. त्याच वर्षी संसदेने मंजूर केलेल्या अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने हैदराबाद-कर्नाटक भागासाठी ३७१ (ञ) हे कलम आले. तरीही मंत्रिपदावर असताना उमेश कत्ती वेगळ्या उत्तर कर्नाटकाची मागणी अधूनमधून करीतच राहिले. कत्ती २०२२ साली गेले, पण ती तक्रार त्यांच्याबरोबर गेली नाही.

हे वाचताना विदर्भ आठवल्याशिवाय राहणार नाही. याच फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला वचने दिली गेली होती : लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत व शिक्षणात वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपूरला. त्यांपैकी जे डोळ्यांना दिसते ते, म्हणजे अधिवेशन, बहुतेक नेमाने भरले. जे आकड्यांत मोजावे लागते त्याची पद्धतशीर मोजदाद मात्र १९८४ च्या दांडेकर समितीपर्यंत झाली नाही. तिने ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक अनुशेष दाखवला. वैधानिक विकास मंडळे आली ती १९९४ साली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. वचन १९५३ चे, हिशेब १९८४ चा, यंत्रणा १९९४ ची. या विलंबाला कोणा एका पक्षाचे नाव देता येणार नाही.

भारतात खरोखर लोकांना विचारले गेले असे ठळक उदाहरण गोव्याचे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांपुढे दोनच पर्याय होते : महाराष्ट्रात विलीन व्हायचे त्याने फुलावर शिक्का मारायचा, वेगळा केंद्रशासित प्रदेश राहायचे त्याने दोन पानांवर. विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून आधीच राजीनामा दिला होता. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. येथेही गोव्याबाहेरच्या गोवेकरांना मत नव्हते. आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले! पक्ष हवा होता, विलीनीकरण नको होते. प्रश्न सुटा करून विचारला नसता तर हे कधीच कळले नसते.

गोवा आणि स्कॉटलंड यांत आणखी एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी बऱ्याच लोकांच्या मनातला तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. गोव्याला पूर्ण राज्य व्हायचे असेल तर त्यावर शिक्का कोठे मारायचा? ते राज्य १९८७ साली झाले. स्कॉटलंडमध्ये ब्रिटनमध्येच राहून अधिक अधिकार हवे असणारे पुष्कळ होते, पण प्रश्न एकच विचारायचा असा आग्रह लंडनने धरला. मग मतदानाच्या दोन दिवस आधी, पारडे हलते आहे असे दिसताच, ब्रिटनच्या तीन प्रमुख पक्षांच्या नेत्यांनी एका स्कॉटिश वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर अधिक अधिकारांचे जाहीर वचन दिले! आठवड्याभरात ज्याचे मतदान संपते त्याला घाईने दिलेले वचन आणि म्हैसूरला दिलेले नाव, यांत मला फार फरक दिसत नाही. स्कॉटलंडच्या बाबतीत २०१६ साली तसा कायदा तरी झाला.

नियम उत्तराला कसा आकार देतो याचे याहून बोलके उदाहरण १९७९ चे आहे. त्या वर्षी स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी का, हे विचारले गेले. ५१.६ टक्के मतदारांनी 'हो' म्हटले. पण एकूण मतदार यादीच्या ४० टक्के लोकांनी 'हो' म्हटले पाहिजे अशी अट होती, आणि ते प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपासच भरले. घरी बसलेला माणूस विरोधात धरला गेला. विधानसभा मिळाली नाही, आणि त्या अटीचा राग दोन दशके टिकला. १९९७ साली पुन्हा विचारले तेव्हा ७४ टक्के लोकांनी 'हो' म्हटले.

मग माझे मत काय? स्कॉट लोकांनी स्वतंत्र व्हावे की नाही हे त्यांनीच ठरवावे, हे म्हणणे खरे असले तरी पुरेसे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला नवे सार्वमत घेता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने तो योग्य असेल. पण ज्या देशाने १७०७ ची युती स्वेच्छेची आहे असे तीन शतके सांगितले, त्याने ती इच्छा पुन्हा केव्हा आणि कोणत्या अटींवर विचारता येईल, हे लिहून ठेवले पाहिजे. दरवेळी राजकारणाच्या गरजेप्रमाणे ठरवणे योग्य नाही. वाट लिहिलेली असली म्हणजे लोक त्या वाटेने जातीलच असे नाही. गोव्याने आणि २०१४ च्या स्कॉटलंडने दोघांनीही आहे त्या चौकटीतच राहणे पसंत केले.

आपल्याकडे लोकांना विचारण्याची ती वाट राज्यांच्या सीमांपुरतीही नाही. सर्व काही संसदेच्या हाती आहे. बेळगावच्या मराठी माणसाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९६७ च्या महाजन अहवालाने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला सुचवली, बेळगाव शहर कर्नाटकात ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा दोन दशके उलटूनही निकाल लागलेला नाही. महाराष्ट्राचा आग्रह खेडे हा घटक, सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांचा आहे. यांतील लोकेच्छेचे तत्त्व मला महत्त्वाचे वाटते, पण ते बेळगावला लावायचे तर गोव्यालाही लागू पडते, आणि १९५६ पूर्वीच्या धारवाडलाही लागू पडत होते. आपल्या सोयीच्या ठिकाणीच लोकेच्छा मागणे याला तत्त्व म्हणता येणार नाही.

जिथे विचारण्याची वाट नाही, तिथे वचनांचा हिशेब अधिक काटेकोर असायला हवा, असे माझे म्हणणे आहे. हे अगदी साधे काम आहे. नंजुंडप्पा किंवा दांडेकर यांच्यासारख्या समित्या तीस-चाळीस वर्षांनी बसवण्याऐवजी, प्रत्येक राज्याने आपल्या प्रदेशांना दिलेल्या वचनांचा तक्ता दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर विधिमंडळात मांडावा. किती देणे ठरले होते, किती दिले, किती खर्च झाले आणि किती पदे भरली, एवढे चार रकाने पुरेत. जिल्हावार आकडे प्रत्येक खात्याकडे असतातच. ते एकत्र करून स्वाक्षरी करणारा अधिकारी तेवढा निश्चित करावा लागेल. हनुमकोंडा, गुलबर्गा, अमरावती किंवा इन्व्हरनेस येथील माणूस एकत्र राहायचे की नाही याचा विचार करतो तेव्हा त्याच्या हातात भाषणांची कात्रणे असण्यापेक्षा हा तक्ता असलेला बरा.

आणि आपण, जे घरापासून दूर राहतो, त्यांनी? ग्लासगोच्या मराठी रहिवाशाला २०१४ साली जो अधिकार मिळाला तो त्याच्या मुळाचा नव्हता, त्याच्या पत्त्याचा होता. म्हैसूर, हुबळी किंवा बंगळूर येथे राहणाऱ्या मराठी माणसाचे मतही कर्नाटकातच आहे. सीमावादात आपली सहानुभूती कोठे आहे ती असो. ज्या शहराचे पाणी आपण पितो, तिथल्या प्रश्नांबद्दल, उत्तर कर्नाटकाच्या अनुशेषाबद्दलसुद्धा, आपण किती बोलतो? या शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतरीत्या मैसूरु झाले, स्कॉटलंडच्या सार्वमतानंतर सहा आठवड्यांनी. आपल्यापैकी बरेच जण अजून म्हैसूरच म्हणतात, मीही म्हणतो, आणि त्याला कोणाची हरकत दिसली नाही. मतदार यादीत नाव आहे की नाही, हे मात्र प्रत्येकाने एकदा तपासून घ्यावे.